रक्ताच्या थेंबांतील शिरगणती

(नभोवाणीवरील भाषण)

पावसाळ्याचे दिवस आहेत. मुंबईंतील किंवा पुण्यांतील एका घरीं तरुण मुलगा डेंग्यूच्या तापानें अंथरुणास खिळला आहे. सकाळीं कोपऱ्यावरील प्रयोगशाळेंतून आलेल्या कागदावर प्लेटलेटांची, म्हणजे रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या बारीक बिंबिकांची, संख्या ४२,००० अशी लिहिली होती. दुपारीं रुग्णालयांत पुन्हां रक्त काढलें. तेथील कागद सांगतो ३४,०००. "चार तासांत आठ हजार उतरल्या!" म्हणून आईच्या तोंडचें पाणी पळतें. मामा रक्तपेढीचा पत्ता शोधूं लागतात. थोरला भाऊ हा घरांतला शहाणा, तो तेथेंच निकाल देऊन मोकळा होतो, "मामा, या दोहोंपैकीं एक प्रयोगशाळा लबाड आहे."

डेंग्यूंत प्लेटलेट उतरतात, कधीं कधीं झपाट्यानें उतरतात, हें खरें. तेव्हां या घरांतील मुलाच्याहि खरोखर उतरल्या असतील. परंतु वरील दोन्ही आंकडे जर एखाद्या तंत्रज्ञानें सूक्ष्मदर्शकास डोळा लावून, एकेक बिंबिका मोजून काढलेले असतील, तर आणखी एका शक्यतेचा विचार अगोदर करावयास हवा. एकाच वेळीं, एकाच नळींतलें रक्त दोन प्रामाणिक माणसांच्या हातीं दिलें असतें, तरीहि त्यांच्या कागदांवर एवढें अंतर सहज पडलें असतें. तें कां पडतें, हें समजून घेण्यासाठीं मोजणी होते कशी, हें पाहिलें पाहिजे.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेंत, तांबड्या पेशी सुमारें ५० लाख असतात. पांढऱ्या चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत. आणि प्लेटलेट दीड लाखापासून चार लाखांपर्यंत. इतक्यांची गणती एकेक करून होणें शक्य नाहीं. म्हणून शहरांतील चार आळ्यांतलीं माणसें मोजावीं आणि त्यावरून सगळ्या शहराची वस्ती ठरवावी, तसा हा व्यवहार आहे. १८५२ सालीं जर्मनींतील कार्ल व्हिएरॉर्ट या शरीरशास्त्रज्ञानें रक्ताचा मोजका अंश कांचेवर पसरून पेशी मोजण्याचा पहिला यशस्वी उद्योग केला. ती रीत इतकी वेळखाऊ होती कीं रुग्णाच्या कामीं ती येणें कठीणच होतें. पुढील पंचवीस-तीस वर्षांत फ्रान्समध्यें मालासे, इंग्लंडांत गॉवर्स आणि जर्मनींत थोमा यांनीं ती सुटसुटीत केली, आणि त्यांतूनच आज प्रयोगशाळांतून आढळणारी नॉयबावर नांवाची मोजणीची कांच निघाली.

ही कांच म्हणजे मोठी सुबक वस्तु. जाड कांचपट्टीच्या मधोमध एक ओटा. त्यावर पातळ कांचेचें झांकण ठेविलें असतां दोहोंत बरोबर एक दशांश मिलिमीटर जागा राहते. ओट्यावर रेघांचें जाळें कोरलेलें असतें. मधल्या एक चौरस मिलिमीटराचे ४०० बारीक चौकोन पाडलेले असून, त्यांतले सोळा-सोळा मिळून एक गट होतो. तांबड्या पेशी मोजावयाच्या तर रक्त दोनशें पट पातळ करावयाचें, पांच गटांतले ८० चौकोन मोजावयाचे, आणि येईल त्या संख्येवर चार शून्यें चढवावयाचीं. पांचशें पेशी दिसल्या तर कागदावर ५० लाख लिहिले जातात. पांढऱ्या पेशींसाठीं वीस पट पातळ रक्त आणि कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन पुरतात. तेथें गुणक ५० चा. प्लेटलेटांसाठीं रक्त शंभर पट पातळ करितात, कांच ओल्या कापसाजवळ झांकून कांहीं मिनिटें ठेवितात, म्हणजे त्या बारीक बिंबिका तळाशीं बसतात. मग मधला चौरस मोजून हजारानें गुणावयाचें.

हा गुणाकारच ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ज्या कागदावर ४२,००० आहेत, त्याच्या मागें मोजणारानें पाहिलेल्या बिंबिका ४२ च आहेत. ज्यावर ३४,००० आहेत, त्याच्या मागें ३४. घरच्या माणसांना दिसलेली आठ हजारांची घसरण म्हणजे प्रत्यक्षांत आठ ठिपके.

आतां या आठ ठिपक्यांच्या वाटेंत कायकाय येतें तें पाहावें. जुन्या पद्धतीच्या नळींत तंत्रज्ञ रबराच्या नळीनें तोंडानें रक्त ओढून घेत असे. ती चाल आतां धोक्याची म्हणून बंद झाली आहे, पण ओढण्याचें कौशल्य तेंच. रक्त रेघेपेक्षां केसभर पुढें गेलें, नळीचें टोंक पुसावयाचें राहिलें, कीं प्रमाण बिघडलें. द्रावणाशीं मिसळल्यावर नळी हलवावी लागते. ती किती वेळ हलवावी हें घड्याळापेक्षां मनगटाच्या थकव्यावर ठरतें. नळीच्या दांड्यांत रक्ताविना नुसतें द्रावण असतें, म्हणून पहिले तीन-चार थेंब टाकून द्यावे लागतात. घाईच्या वेळीं ते टाकले जातातच असें नाहीं. मग थेंब कांचेच्या कडेस लावावयाचा. तो कमी पडला तर जागा भरत नाहीं, जास्त झाला तर बाजूच्या खांचेंत वाहतो आणि झांकण किंचित् उचललें जातें. एवढें सगळें डोळा सूक्ष्मदर्शकाला लागण्यापूर्वींच होऊन गेलेलें असतें.

डोळा लागल्यावर निराळीच अडचण उभी राहते. पेशी कांहीं चौकोनाच्या मध्यावर शहाण्यासारख्या बसत नाहींत. कित्येक रेघांवर पडतात. सोळा चौकोनांच्या गटाची बाजू एक पंचमांश मिलिमीटर, आणि तांबडी पेशी सातआठ सहस्रांश मिलिमीटर रुंद. हिशेब केला तर, गटांत शंभर पेशी असतां, पंधराच्या आसपास पेशी गटाच्या सीमेस शिवलेल्या असतात. यासाठीं नियम आहे: डावीकडच्या व वरच्या रेघेस शिवलेल्या घ्यावयाच्या, उजवीकडच्या व खालच्या सोडावयाच्या. नियम सोपा आहे. पण शिवली कीं नाहीं शिवली, हें ठरवावयाचें कोणी? दोन पेशी एकमेकींवर चढल्या आहेत कीं एकच वाकडी पडली आहे? तो फिकट ठिपका प्लेटलेट आहे कीं कांचेवरची धूळ? अशा प्रत्येक ठिकाणीं मोजणाराला क्षणांत कौल द्यावा लागतो, आणि दोन माणसांचे कौल सारखे पडत नाहींत. एकाच माणसाचा सकाळचा आणि दुपारच्या जेवणानंतरचा कौलहि सारखा पडत नाहीं.

समजा, हे सर्व दोष काढून टाकले. हात निष्णात, नजर निर्दोष, नळी अचूक. तरी दोन मोजण्या जुळतील काय? या प्रश्नाचें उत्तर रुग्णालयांतून आलें नाहीं. तें डब्लिन शहरांतील गिनेस या मद्याच्या कारखान्यांतून आलें, ही शास्त्राच्या इतिहासांतली एक गंमत आहे. तेथें विल्यम सीली गॉसेट नांवाचा तरुण रसायनज्ञ होता. मद्य आंबविण्यासाठीं किण्वाच्या पेशी किती घालावयाच्या, हें ठरविण्याकरितां तेथेंहि रक्ताचीच मोजणीची कांच वापरीत. गॉसेटनें चारशें चौकोन एकेक करून मोजले आणि कोणत्या चौकोनांत किती पेशी पडल्या याची यादी केली. १९०७ सालीं 'बायोमेट्रिका' या नियतकालिकांत त्यानें आपला निबंध छापला, तो 'स्टूडंट' या टोपणनांवानें, कारण नोकरांनीं कारखान्यांतील काम उघड करणें मालकांना मान्य नव्हतें. पुढें हें टोपणनांव संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडीं झालें. त्याचा निष्कर्ष असा कीं, चांगल्या ढवळलेल्या द्रावणांतून पेशी चौकोनांत पडतात त्या अंगणांतल्या फरशांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांप्रमाणें: कोणत्या फरशीवर किती, याला यदृच्छेखेरीज दुसरा धनी नाहीं. या यदृच्छेलाहि मात्र हिशेब आहे. जितक्या पेशी मोजाल, त्या संख्येचें वर्गमूळ हें तिच्या स्वाभाविक हेलकाव्याचें माप. शंभर मोजल्या तर दहाचा हेलकावा, म्हणजे शेंकडा दहा. चारशें मोजल्या तर वीसचा, म्हणजे शेंकडा पांच. चाळीस मोजल्या तर सहाहून थोडा अधिक, म्हणजे शेंकडा सोळा.

हा नियम पहिल्या घरास लावून पाहावा. ४२ आणि ३४ या दोन संख्यांतील फरकाचा स्वाभाविक हेलकावाच साडेआठांच्या वर जातो. म्हणजे आठांचा फरक हा नुसत्या योगायोगाच्या पोटांत बसून जातो. त्यासाठीं रोगाला किंवा प्रयोगशाळेला दोष देण्याची गरज उरत नाहीं. अचूक नजरेनेंहि तो पडेल. अचूक नसलेल्या नजरेनें त्यांत भरच पडेल.

एवढ्यावर गोष्ट संपती तर ती केवळ गणिताची झाली असती. तिच्यांत माणूस शिरतो तो पुढें. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत रॉचेस्टर येथें मेयो चिकित्सालय आहे. तेथील जोसेफ बर्कसन, टॉमस मॅगाथ आणि मार्गारेट हर्न या तिघांनीं तांबड्या पेशींच्या मोजणीच्या चुका मुळापासून तपासल्या आणि १९३५ व १९४० सालीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केले. चूक कोठून किती येते याची त्यांनीं वांटणी केली: नळीमुळें शेंकडा पावणेपांचांच्या घरांत, कांच भरण्यांतून साडेचारांच्या घरांत, आणि उरलेली पेशींच्या विखुरण्यांतून. सारें मिळून एका नळीची, एका कांचेची, ८० चौकोनांची मोजणी शेंकडा आठाच्या आसपास हेलकावते. ज्याच्या रक्तांत खरोखर ५० लाख आहेत, त्याला एके दिवशीं ४३ आणि दुसऱ्या दिवशीं ५७ लाख सांगितले गेले, तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

त्यांच्या कामांतला खरा धक्का मात्र निराळा होता. विद्यार्थ्यांना शिकवितांना असा दंडक घालीत कीं, मोजलेल्या गटांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान संख्येंत अमुक एका मर्यादेपेक्षां जास्त अंतर पडतां कामा नये. पडलें तर मोजणी वाईट. आतां गॉसेटचा हिशेब धरला तर काय दिसतें? गटांत सरासरी शंभर पेशी असतां पांच गटांतील मोठ्या व लहान संख्येंत साधारण वीस ते पंचवीसांचें अंतर यदृच्छेनेंच पडावयाचें. तांबड्या पेशी दाटीनें बसत असल्यामुळें एकमेकींस ढकलून थोड्या सारख्या पसरतात, म्हणून तें किंचित् कमी होईल इतकेंच. तेव्हां वीसांच्या आंतच अंतर राहिलें पाहिजे असें कोणी फर्मावलें, तर निष्णात आणि सरळ मोजणाराची मोजणीहि जवळजवळ निम्म्या वेळां 'वाईट' ठरेल. मेयो येथील तिघांना दिसलें तें असें कीं, व्यवहारांत तंत्रज्ञांच्या मोजण्या असल्या मर्यादांत नीट बसत होत्या. योगायोगानें जितक्या जुळाव्यात त्याहून अधिक त्या जुळत होत्या.

हें कसें झालें? कोणी आंकडे बनवीत होते, असें मानण्याचें कारण नाहीं. पहिल्या गटांत १०४ आल्या. दुसऱ्यांत ८८ होऊं लागल्या, कीं मोजणाराच्या मनांत 'कांहीं तरी सुटलें' अशी चुळबूळ सुरू होते. रेघेवरची एक पेशी, जी एरवीं सोडली असती, ती आंत येते. एक फिकट पेशी हिशेबांत धरली जाते. तरीहि कमीच भरल्या तर 'पुन्हां मोजूं' म्हणून पुन्हां मोजणी होते. आणि जो आंकडा जुळला तो मात्र कधीं पुन्हां मोजला जात नाहीं! दंडक घालणाराला नेमकेपणा हवा होता; हातीं आली ती आज्ञाधारकता. ज्या विद्यार्थिनीची मोजणी वारंवार जुळत नाहीं, तिला वर्गांत ढिली समजलें जावें आणि तीच सर्वांत सरळ मोजीत असावी, असा उफराटा प्रकार या व्यवस्थेंत सहज संभवतो.

मोजणीच्या कांचेवरून नजर साध्या कांचपट्टीकडे वळविली तर मतभेदाला आणखी मोकळें रान मिळतें. पट्टीवर रक्ताचा थेंब पातळ पसरून, रंगवून, पांढऱ्या पेशींच्या जाती ओळखतात: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. तंत्रज्ञाच्या बोटांखालीं पांच-सहा कळींचें लहान यंत्र असतें. शंभर पेशी पुऱ्या झाल्या कीं घंटी वाजते. हे शंभर कोठून निवडावयाचे? पसरतांना मोठ्या पेशी कडेला आणि शेपटीकडे ओढल्या जातात, लिम्फोसाइट मध्यावर राहतात. जो कडेनें जाईल त्याला एक रक्त दिसेल, जो मधून जाईल त्याला दुसरें. म्हणून किल्ल्याच्या तटावरील चर्यांप्रमाणें कडेकडून आंत, आंतून कडेकडे अशी वळणें घेत जाण्याची शिस्त आहे. ती पाळली तरी शंभरांत दहा इओसिनोफिल दिसल्यानें इतकेंच कळतें कीं खरें प्रमाण शेंकडा पांच ते अठरा यांच्या दरम्यान कोठें तरी आहे. शंभरांत एकहि दिसला नाहीं, तरी तो रक्तांत शेंकडा तीन-चारपर्यंत असूं शकतो.

जातीचेंच भांडण असेल तर त्यास अंत नाहीं. न्यूट्रोफिल ही पेशी कोवळी असतां तिचें केंद्र वांकलेल्या दोरीसारखें असतें. पिकली कीं त्याचे तुकडे पडतात आणि ते बारीक धाग्यांनीं जोडलेले राहतात. कोवळ्यांची संख्या वाढली तर शरीरांत जंतूंचा उपद्रव असावा, असा कयास. आर्नेट या जर्मन वैद्यानें १९०४ सालीं केंद्राच्या तुकड्यांवरून ही प्रतवारी सुरू केली. पण दोरी कोठें संपते आणि धागा कोठें सुरू होतो, हें कांहीं पेशीवर लिहिलेलें नसतें. एकीच्या डोळ्यास जी कोवळी, ती दुसरीच्या डोळ्यास पिकलेली. नवजात बाळास जंतुबाधा झाली आहे काय, असल्या गंभीर प्रश्नांत या आंकड्याचा आधार घेतला जात असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या वादाचें गांभीर्य कळतें. तो इतका हट्टी निघाला कीं, रक्तशास्त्रांतील प्रमाणें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१५ सालीं कोवळ्या दोरीच्या पेशी मोजतांना पिकलेल्यांतच धराव्या, अशी शिफारस केली. भांडणारांना समजावण्यापेक्षां मधली भिंतच पाडलेली बरी, असा तो व्यवहारी तोडगा होता.

याचा अर्थ डोळ्यानें केलेली मोजणी निरुपयोगी होती, असा कोणी करूं नये. १९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली, आणि हाफकीन संस्थेंत राहून गर्भवती स्त्रियांच्या एका भयंकर पांडुरोगाचा तिनें शोध घेतला. गिरणीकामगारांच्या घरांतील बाया त्याला बळी पडत. १९३१ सालीं तिनें दाखवून दिलें कीं, मार्माइट नांवाच्या किण्वाच्या अर्कानें तो बरा होतो. त्यांतला गुणकारी पदार्थ तो फॉलिक आम्ल, हें मागाहून उमगलें. तिच्यापाशीं मोजावयास याच कांचा आणि हेच डोळे होते. पण त्या स्त्रियांच्या तांबड्या पेशी इतक्या खालावलेल्या असत, आणि औषधानें इतक्या वर चढत, कीं मोजणीच्या हेलकाव्यानें निष्कर्ष बदलण्याचें भय नव्हतें. हेलकाव्याहून मोठा फरक असेल तेथें साधी कांच पुरते. हेलकाव्याएवढाच असेल तेथें निष्णाताचीहि मात्रा चालत नाहीं.

यंत्रानें बरेच कांहीं बदललें. अमेरिकेंत वॉलेस कूल्टर यास १९५३ सालीं एका युक्तीचें पेटंट मिळालें. बारीक छिद्रांतून वीज आणि रक्ताचें पातळ द्रावण एकदमच जाऊं द्यावें. पेशी छिद्रांतून गेली कीं विजेच्या वाटेंत अडथळा होतो, आणि तो मोजला कीं पेशी मोजली गेली. माणूस पांचशें मोजतो तितक्या वेळांत यंत्र हजारों मोजतें, आणि मागचा आंकडा किती आला याची त्याला लाज वाटत नाहीं. आज भारतांतील शहरांतून बहुतेक मोजणी असल्या यंत्रांवरच होते. तरी डोळा सुटीवर गेलेला नाहीं. कित्येकांचें रक्त नळींतील औषधामुळें गुठळ्या करितें, आणि प्लेटलेट पुष्कळ असूनहि यंत्र त्या थोड्या सांगतें. लोहाच्या अभावीं लहान झालेल्या तांबड्या पेशींचे तुकडे उलट प्लेटलेटांत जमा होतात. अशा वेळीं यंत्र शंकेची खूण करितें, आणि कांचपट्टी पुन्हां सूक्ष्मदर्शकाखालीं जाते. लहान गांवांतील प्रयोगशाळांतून तर ती कधीं तेथून हललीच नव्हती.

जेथें डोळ्यावर भिस्त आहे तेथें चांगल्या प्रयोगशाळा कांहीं साध्या गोष्टी करितात. कांचेच्या दोन्ही बाजू भरून दोन्ही मोजतात. संख्या कमी असेल तर अधिक चौकोन घेतात. चाळीस बिंबिकांवर न थांबतां दोनशें मिळेपर्यंत मोजलें, तर हेलकावा शेंकडा सोळावरून सातावर येतो. दुसऱ्या तंत्रज्ञास तीच पट्टी देतात, पण पहिल्याचा आंकडा वहींतल्या घडी घातलेल्या पानाखालीं ठेवितात. या शेवटच्या गोष्टीस खर्च कांहीं नाहीं, आणि ती पाळली जाणें सर्वांत अवघड, कारण पहिली जर वयानें व हुद्द्यानें मोठी असेल, तर "बाई, आपला आंकडा किती?" असें विचारून घेणें हा आपल्याकडे शिष्टाचार समजला जातो.

रुग्णालयांत त्या मुलाच्या खाटेपाशीं संध्याकाळीं डॉक्टर आले, तेव्हां थोरल्या भावानें दोन्ही कागद त्यांच्यापुढें धरले. त्यांनीं ते एकावर एक ठेवले, टिपणांत 'प्लेटलेट चाळीस हजारांच्या आसपास' असें लिहिलें आणि उद्यां सकाळीं येथेंच पुन्हां पाहूं म्हणून सांगितलें. मग त्यांनीं मुलाची नाडी धरली, रक्तदाब घेतला, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलें. "काकू," ते आईकडे वळून म्हणाले, "दुपारपासून याला लघवी किती वेळां झाली?"